एकदा वरून, एकदा खालून

कड्यात कडं अडकवायचं काम आलं की आधी कागद आणि पेन्सिल घे, बाळा. माऊसला हात नंतर लाव. आकार एकमेकांवर जसे येणार आहेत तसे नुसत्या रेषांनी काढ आणि जिथे जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे ठिपका दे. मग एकेका ठिपक्यापाशी थांबून ठरव, की इथे वर कोण आणि खाली कोण. वर असेल त्याची रेषा गडद कर, खालच्याची तेवढ्यापुरती खोड. एवढं झालं की निम्मं काम झालं. जे हे न ठरवता फोटोशॉपमध्ये मास्क रंगवायला बसतात ते तासभर काळं-पांढरं करत राहतात आणि शेवटी कुठला तरी एक छेद चुकलेलाच राहतो. छापून आल्यावर तोच पहिला डोळ्यात भरतो.

ठरवायचा नियम विणकऱ्याचा आहे. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून जातो, पुढच्याच्या खालून जातो, मग पुन्हा वरून. तसंच एका आकारावर बोट ठेव आणि त्याच्या वाटेने चालत जा. पहिल्या छेदाला वर, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला वर. आकार बंद असतील, म्हणजे वाट फिरून जिथून निघाली तिथेच येत असेल, तर हा नियम कधीच अडत नाही. कितीही गुंतागुंतीची गाठ असू दे, सगळ्या छेदांना ‘वर-खाली, वर-खाली’ लावता येतंच. गणितात हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून कागदावर कुठे सलग दोनदा ‘वर’ आलं, तर आधी आपली मोजणी तपास.

आता मास्क कशाला लागतो ते नीट समजून घे. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. लेयरची अडचण एकच आहे. जो वर ठेवला तो सगळीकडे वर, जो खाली तो सगळीकडे खाली. आपल्याला तर एकच कडं एका जागी वर आणि दुसऱ्या जागी खाली हवं असतं. नुसते लेयर वर-खाली सरकवून ते होत नाही. तेव्हा वरच्या लेयरचा नेमका तेवढा भाग झाकायचा, पण तो पुसायचा नाही. हे झाकायचं काम मास्क करतो. पुसणं आणि झाकणं यातला फरक कामाच्या मध्यावर कळतो, जेव्हा गिऱ्हाईक म्हणतं की सोनेरी कडं जरा उजवीकडे घ्या. पुसलेलं परत आणता येत नाही, झाकलेलं येतं. म्हणून अशा कामात खोडरबराला हात लावू नकोस.

मास्कमध्ये पांढरं म्हणजे दिसेल, काळं म्हणजे झाकलं जाईल आणि मधले राखाडी म्हणजे अर्धवट. आठ बिटांच्या चित्रात अशा एकूण २५६ छटा असतात. मास्कवर काम करताना कीबोर्डवरची उलटी तिरपी रेघ दाबलीस तर झाकलेला भाग लाल दिसू लागतो. तो लाल रंग उगाच निवडलेला नाही. आमच्या वेळी प्रोसेसच्या खोलीत रुबीलिथ नावाची लाल फिल्म असायची. पारदर्शक पातळ फिल्मवर लाल थर, आणि तो थर धारदार पात्याने कापून नको तिथून सोलून काढायचा. प्रोसेसच्या कॅमेऱ्यातल्या लिथ फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे डोळ्याला आरपार दिसणारी ती लाल झिल्ली कॅमेऱ्याच्या दृष्टीने ठार काळी असायची. खालचं चित्र आपल्याला दिसतंय, प्रकाश मात्र अडतोय, अशी ती सोय होती. आमचे मास्तर पातं हातात देताना सांगायचे, कड हाताने काढायची नाही, मूळ आकाराच्या कडेवरून पातं चालवायचं. पाती गेली, झिल्ली गेली, तेवढा मंत्र मात्र जसाच्या तसा लागू आहे. पुढे सांगतो ते सगळं त्यातूनच निघतं.

हात बसवायला ऑलिंपिकची पाच कडी घे. पिअर द कुबर्तां यांनी हे चिन्ह १९१३ मध्ये रेखाटलं आणि ऑलिंपिक स्पर्धेत त्याचा ध्वज पहिल्यांदा फडकला तो १९२० मध्ये अँटवर्पला. वरच्या रांगेत निळं, काळं, लाल. खालच्या रांगेत पिवळं आणि हिरवं. वरची तीन एकमेकांना शिवत नाहीत, खालची दोनही शिवत नाहीत. निळं-पिवळं, पिवळं-काळं, काळं-हिरवं, हिरवं-लाल अशा चारच जोड्या आणि प्रत्येक जोडीचे दोन छेद, म्हणजे एकूण आठ. नवशिका पाचही लेयरना मास्क लावतो आणि मग कुठला मास्क कशासाठी होता हेच विसरतो. तू असं कर. पिवळं आणि हिरवं हे दोन लेयर सगळ्यांच्या वर ठेव. आठही छेदांवर आता ही दोनच वर दिसतील. त्यातले चार छेद बरोबरच आहेत, उरलेले चार तेवढे उलटवायचे. पिवळ्याच्या मास्कमध्ये दोन भोकं, हिरव्याच्या मास्कमध्ये दोन. पाच कड्यांना दोन मास्क पुरले. लेयरची रांग आधी विचार करून लावली की मास्कचं काम असं कमी होतं. (हे चिन्ह सरावासाठीच घे. ते १९८१ च्या नैरोबी कराराने संरक्षित आहे, कुणाच्या दुकानाच्या पाटीवर छापायचं नाही.)

भोक पाडायची रीत अशी. पिवळ्या लेयरला पांढरा मास्क लाव. मग कंट्रोल दाबून निळ्या लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक कर, निळ्या कड्याच्या आकाराचं सिलेक्शन तयार होईल. मॅक असेल तर कंट्रोलच्या जागी कमांड. आता पिवळ्याच्या मास्कवर ये आणि कडक काठाच्या काळ्या ब्रशने फक्त त्या एका छेदावर फिरव. सिलेक्शन निळ्याचं असल्यामुळे रंग निळ्याच्या बाहेर जाणारच नाही, तू कितीही ढोबळ हात फिरव. निळं वर आलेलं दिसेल. ‘डी’ दाबलं की रंग काळा-पांढरा होतो आणि ‘एक्स’ दाबलं की दोघांची अदलाबदल होते. या दोन कळा आणि ब्रशचा आकार कमी-जास्त करणारे चौकटी कंस डाव्या हाताला पाठ झाले पाहिजेत. रंगवण्याआधी एकदा वर बघ, फाइलच्या नावापुढे ‘लेयर मास्क’ असं लिहिलेलं दिसतंय ना. नसेल तर तू मास्कवर नाही, खुद्द कड्यावर काळं फासतो आहेस.

इथपर्यंत सगळेच शिकवतात. खरी गोम कडेची आहे आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

गोल आकाराची कड पडद्यावर गुळगुळीत दिसते, कारण कडेवरचे पिक्सेल अर्धवट भरलेले असतात. समज निळ्याच्या कडेचा एक पिक्सेल निम्मा निळा आहे. त्याच आकाराचं भोक पिवळ्यात पाडलंस तर पिवळंही तिथे निम्मंच झाकलं जातं. आता हिशेब कर. खाली पांढरा कागद, त्यावर निम्मं निळं, म्हणजे निम्मा कागद दिसतोच आहे. त्यावर निम्मं पिवळं आलं. शेवटी त्या पिक्सेलमध्ये निम्मं पिवळं, पाव भाग निळं आणि पाव भाग पांढरा कागद. तो पाव कागद तिथे असायला नको होता. निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये केसाएवढी फिकट रेघ दिसते ती हीच. गडद रंगांत ती जास्त उठून दिसते आणि काळ्या-लाल कामात तर लांबून कळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की सिलेक्शन घेतल्यावर ते ‘कॉन्ट्रॅक्ट’ने एक पिक्सेल आत घे आणि मगच रंगव. मग कडेच्या त्या अर्धवट पिक्सेलवर पिवळं पूर्ण राहतं आणि कागद डोकावत नाही. निळं त्या छेदापुरतं दोन्ही बाजूंनी एकेका पिक्सेलने बारीक होतं. पण ३०० पीपीआयच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे छापून साधारण ०.०८५ मिलिमीटर, ते कुणाच्या डोळ्याला कळत नाही.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे आणि छपाईच्या कामाला मी तोच सांगतो. पिवळ्यात भोक पाडूच नकोस. निळ्या कड्याची कंट्रोल-जेने प्रत काढ आणि ती प्रत पिवळ्याच्या वर ने. ऑल्ट दाबून मास्कच्या बटणावर क्लिक केलंस की मास्क पूर्ण काळाच तयार होतो, म्हणजे ती सबंध प्रत झाकली जाते. आता जिथे निळं वर हवं आहे तेवढ्याच छेदावर पांढऱ्या ब्रशने फिरव. तिथे निळ्याची प्रत प्रकट होईल आणि तिची स्वतःची मूळ कड पिवळ्यावर बसेल, अर्धवट पिक्सेलसकट. कागद मधे येतच नाही. ब्रशचा ढोबळपणा कुठे दिसतो? निळ्यावर निळं येतं त्या भागात, म्हणजे कुठेच नाही. फक्त पांढरा डाग शेजारच्या दुसऱ्या छेदापर्यंत पसरू देऊ नकोस. मास्तरांचा मंत्र तो हाच, कड आकाराकडून घ्यायची, हाताने फक्त जागा दाखवायची.

या रीतीला दोन पथ्यं आहेत. रंग अर्धपारदर्शक असतील तर प्रतीखाली मूळ निळंही असतं आणि तिथे रंग अधिक गडद होतो. अशा कामात भोकाचीच रीत वापर. आणि पुढे निळ्याचा रंग बदलावा लागला तर दोन ठिकाणी बदलावा लागतो. त्यासाठी प्रत काढण्याआधी मूळ कडं स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेव. मग आतलं एकदा बदललं की दोन्ही प्रती एकदम बदलतात.

आणखी एक सवय बऱ्याच जणांना असते, ती तुला लागू नये. दोन्ही आकारांच्या सिलेक्शनचा सामाईक भाग काढायचा आणि तो काळ्याने भरायचा. दिसायला ही रीत फार नेमकी वाटते. पण सामाईक भागात पिवळ्याच्या कडेचे अर्धवट पिक्सेलही अर्धवटच निवडले जातात, आणि निळ्यावरून आडवी जाणारी पिवळ्याची पुसट रेघ मागे उरते. सिलेक्शन फक्त वर येणाऱ्याचं घ्यायचं आणि ब्रश खाली जाणाऱ्याच्या कडेपलीकडे थोडा न्यायचा, की ती रेघ मुळातच उरत नाही.

काम झालं की ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक कर आणि नुसता मास्क डोळ्यांसमोर आण. ब्रशची ओपॅसिटी किंवा फ्लो शंभरावर नसेल तर काळ्यात राखाडी डाग राहिलेले दिसतील. चित्राकडे बघून ते कळत नाहीत, आर्टपेपरवर छापून आल्यावर मात्र कळतात. कंट्रोल-एलने लेव्हल्स उघडून काळ्याची आणि पांढऱ्याची टोकं थोडी आत आण, मास्क स्वच्छ होतो. शिफ्ट दाबून क्लिक केलंस तर मास्क तात्पुरता बंद होतो. आधीचं आणि आत्ताचं ताडून बघायला ते बरं पडतं.

हात बसला की तीन कड्यांची बोरोमियन गाठ करून बघ. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हात ही गाठ आहे म्हणून तिला हे नाव. यात पहिलं कडं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर आणि तिसरं पुन्हा पहिल्यावर असतं. कोणतीही दोनच घेतलीस तर ती एकमेकांत अडकलेलीच नसतात, नुसती एकावर एक पडलेली असतात. तरीही तिन्ही मिळून सुटत नाहीत, आणि त्यातलं कुठलंही एक काढलंस की उरलेली दोन मोकळी होतात. लेयरची रांग इथे पुरती हरते, कारण तिघांतला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी वर आहे. मास्क मात्र एकच लागतो. पहिलं वर, दुसरं मधे, तिसरं तळाला ठेव. पहिलं-दुसरं आणि दुसरं-तिसरं आपोआप बरोबर आहेत. पहिल्याच्या मास्कमध्ये तिसऱ्याच्या आकाराची दोन भोकं पाडलीस की गाठ पूर्ण झाली. अस्सल गोल, सपाट, ताठ कड्यांनी ही गाठ हातात घेण्याजोगी बनवताच येत नाही. मायकेल फ्रीडमन आणि रिचर्ड स्कोरा या गणितज्ञांनी १९८७ मध्ये ते दाखवून दिलं. धातूची करायची तर कडी थोडी वाकवावी लागतात. पडद्यावर मात्र पूर्ण गोल कड्यांची ही गाठ सुबक होते, आणि मला ती फार आवडते. प्रत्येक नव्या मुलाला मी ती करायला लावतो.

आता सावलीचं. कड्याला ड्रॉप शॅडो किंवा बेव्हल लावलेलं असेल आणि मग तू मास्कमध्ये भोक पाडलंस, तर भोकाच्या कडेलाही सावली आणि उठाव येतो. कडं खालून गेल्यासारखं दिसायच्या ऐवजी कात्रीने तोडल्यासारखं दिसतं. लेयर स्टाइलच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स’ अशी खूण आहे, ती कर. किंवा कड्याचा एक ग्रूप कर आणि मास्क ग्रूपला लाव, परिणाम तोच. खाली जाणाऱ्या कड्यावर वरच्याची सावली मात्र हाताने घाल. खालच्या कड्यावर नवा लेयर घेऊन तो त्यालाच क्लिप कर, म्हणजे दोन लेयरच्या मधल्या रेषेवर ऑल्ट-क्लिक. मोड मल्टिप्लाय ठेव आणि मऊ ब्रश, कमी ओपॅसिटी घेऊन वरच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना हलका हात फिरव. प्रतीची रीत वापरली असेल तर हा लेयर त्या प्रतीच्या खालीच राहू दे. काळा रंग नको, खालच्या कड्याच्याच रंगाची गडद छटा घे. इतकी छोटी सावली पडली की डोळा आपसूक मानतो की पट्टी खालून गेली आहे. मास्क अचूक असून सावली नसेल तर काम कागदी दिसतं.

आपल्याकडे हे काम सर्वांत जास्त येतं ते लग्नपत्रिकांना आणि सणांच्या जाहिरातींना. दोन अंगठ्या, अक्षरांतून गेलेली वेल, ‘शुभविवाह’च्या शिरोरेषेला वेढे घेणारी झेंडूची माळ. देवनागरीत हे फार देखणं दिसतं, कारण शिरोरेषा ही मुळातच एक सलग आडवी पट्टी आहे. माळेने तिच्यावरून आणि खालून जायला ती जणू तयारच असते. पण मास्क लावण्याआधी शुद्धलेखन पक्कं कर, ऱ्हस्व-दीर्घ दोघांकडून तपासून घे. अक्षरांच्या लेयरला मास्क लावता येतो आणि मजकूर नंतर बदलताही येतो, पण मास्क तिथेच राहतो. एक वेलांटी बदलली, शब्द थोडा सरकला, की माळेची सगळी भोकं जागा सोडतात.

झेंडूसारख्या फुलांची कड पेन टूलने काढायला बसू नकोस, पाकळ्यांची झालर तशी पकडता येत नाही. पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर माळेचा फोटो घे आणि चॅनेल्समध्ये जा. पिवळ्या-केशरी फुलात निळा प्रकाश जवळजवळ नसतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये फूल काळं आणि पार्श्वभूमी पांढरी दिसते. त्या चॅनेलची प्रत काढून लेव्हल्सने फरक वाढव, उलटी कर, की माळेचा तयार मास्क हातात आला. हिरवी पानं तेवढी वेगळी बघून घ्यावी लागतात. अशी कापलेली माळ अक्षरांखाली ठेव आणि जिथे वर यायची तिथे वर सांगितल्याप्रमाणे प्रत काढून उघड. इथे पाकळीची सावली अक्षरावर पडलीच पाहिजे, फुलाला ती कड्यापेक्षाही जास्त लागते.

नुसते रेखीव आकार असतील आणि इलस्ट्रेटर हाताशी असेल, तर तिथे २०२२ पासून ‘इंटरट्वाइन’ ही सोय आली आहे. छेदाभोवती लॅसो फिरवला की वरचं खाली जातं. ती जरूर वापर, त्यात कमीपणा नाही. पण फोटो, फुलं, कापड, सोन्याची झळाळी आली की मास्कच लागतो. फोटोशॉपचे पैसे परवडत नसतील तर गिंप विनामूल्य आहे. तिथे ‘ॲड लेयर मास्क’, ‘ॲल्फा टू सिलेक्शन’ आणि ‘श्रिंक’ या तीन आज्ञांनी भोकाची रीत पूर्ण होते. कडेचा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

उरलेलं थोडक्यात. चित्र शेवटच्या आकारालाच कर, कारण आकार व्हेक्टर असला तरी मास्क पिक्सेलचा असतो आणि मोठा केला की त्याची कड भुरकट होते. लेयर आणि मास्क यांच्यामध्ये साखळीची खूण असते. ती असेल तर कडं हलवताना भोकही सोबत हलतं आणि दुसऱ्या कड्यापासून सुटतं. म्हणून एकात अडकलेली सगळी कडी एका ग्रूपमध्ये ठेव आणि ग्रूपच हलव. लेयरना नावं दे, ‘निळं’, ‘निळं वर डावीकडे’ अशी साधी. ‘अप्लाय लेयर मास्क’ला हात लावू नकोस, तो मास्क कायमचा चित्रात जिरवून टाकतो. छापखान्याला सपाट प्रत पाठव, लेयरची फाइल मात्र स्वतःकडे जप. आणि पाठवण्याआधी चित्र शंभर टक्के आकाराला उघडून, पेन्सिलीचा तो पहिला कागद शेजारी ठेवून, एकेक छेद ताडून घे.

आता ऑलिंपिकची कडी काढ. ती जमली की बोरोमियन घे आणि मला लेयरची फाइल पाठव. मी आधी मास्क उघडून बघेन, चित्र नंतर.